४१७ नंबरची रेघ

आधी धरणावर आणि मग कोळदऱ्याच्या शस्त्रागारात मी एकोणतीस वर्षं फिटर होतो. त्यातली निम्मी वर्षं काम केलं, निम्मी थापा मारल्या. धरणाच्या तळाशी बुडी मारून मी गळका बोल्ट कसा आवळला, आणि त्या वेळी एक मरळ मासा तोंडात पाना धरून माझ्या शेजारी कसा उभा होता, ही माझी गोष्ट अजून कॅन्टीनमध्ये चालते. बिबट्याची दुखरी दाढ कानशीनं घासून दिल्याचीही चालते. लोक हसतात, चहा पाजतात आणि म्हणतात, "पांचाळमामा, होऊन जाऊ द्या आणखी एक."

ही त्यातली नाही. अर्थात हे मी म्हणून काय उपयोग? एका माणसाला मी हे समोर बसवून सांगितलं होतं. त्याचं काय झालं ते शेवटी येईलच.

तुम्ही शहरातले असाल तर कालवा-दल बातम्यांतच पाहिलं असेल. लागोपाठ तीन वर्षं धरण तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेलं नाही, तेव्हा हे दल निघालं. काम एवढंच, की कालव्याला कुणी चोरून मोटार लावू नये, कुणी गेट फोडू नये. आधी जवानांच्या हातात काठ्या होत्या. मग पलीकडून गावठी कट्टे यायला लागले, तेव्हा रायफली आल्या. आणि रायफली आल्यावर चौथ्या महिन्यात एका जवानानं खांद्यावर पाइप घेऊन चाललेल्या माणसाला बंदूकवाला समजून गोळी घातली. पाइप प्लास्टिकचा होता. दोन इंची.

त्या पाइपापायी सासू आली.

सरकारी कागदावर तिचं नाव 'संमती-यंत्र'. साबणाच्या वडीएवढा काळा डबा, पुढं दोन डोळे, एक उजेडाचा आणि एक उष्णतेचा. रायफलीच्या नळीभोवती पुढच्या बाजूला जे आवरण असतं, जिथं डावा हात धरतात, त्याला हँडगार्ड म्हणतात. त्याच्या पाठीवर खाचांची एक पट्टी असते. त्या पट्टीवर हा डबा बसवायचा. जवानानं नेम धरायचा तोही त्या डब्यातूनच. डबा समोरच्या माणसाला न्याहाळतो. हातात काय आहे, खांदा कसा आहे, वय काय असेल, पळतोय की रोखून उभा आहे. लाखो चित्रं दाखवून त्याला हे शिकवलेलं. समोरच्यानं हत्यार रोखलं असेल आणि नेमाची फुली त्याच्याच अंगावर असेल, तरच चापाची कडी सुटते. नाहीतर तुम्ही दात-ओठ खा, घामाघूम व्हा, गोळी सुटत नाही. काहीही मागितलं की आधी नाही म्हणायचं, म्हणून जवानांनी तिचं नाव सासू ठेवलं. पुढं साहेबसुद्धा तेच म्हणायला लागले.

आणि खरं सांगायचं तर सासू गुणाची होती. ती आल्यावर दोन वर्षं कालव्यावर एकही निर्दोष माणूस मेला नाही. सरकार इतकं खूश झालं की त्यांनी कायदाच केला. सासूनं हो म्हटलं म्हणजे समोरचा सशस्त्र होता. वेगळा पुरावा लागणार नाही. किती सुटसुटीत! माझ्या थापाही इतक्या सुटसुटीत नसतात.

आता तिच्यातली गोम ऐका. सासूला डोळे आहेत, पण नळी कुठं बघतेय हे तिला दिसत नाही. बसवताना एकदा ते तिला शिकवावं लागतं. त्यानंतर ती धरून चालते की मी बघते तिकडंच नळी बघते. आणि ती जागेवरून जराशी वळली तर? अर्धा अंश वळली, की दोनशे मीटरवर पावणेदोन मीटरचा फरक. ती बघणार एकाकडे, हो म्हणणार त्याच्या नावानं, आणि गोळी जाणार शेजारच्याला. वाकडं बसलेल्याला आपण वाकडे बसलोय हे कळत नाही. माझ्या ओळखीत अशी माणसंही पुष्कळ आहेत.

म्हणजे कायदा, लाखो चित्रं, सरकारची अब्रू, सगळं दोन स्क्रूंवर उभं. आणि ते स्क्रू आवळायची आमची वैजू.

वैजयंता तांबट. आमच्या चार टेबलांपैकी खिडकीजवळचं तिचं. तिच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही, आणि ही थाप नाही. आधी पट्टी आणि डब्याची बैठक स्पिरिटनं पुसायची. तेलाचा वाससुद्धा उरता कामा नये. डबा खाचेत ठेवला की आवळायच्या आधी तो नळीच्या तोंडाकडे रेटायचा, खाचेच्या भिंतीला टेकेपर्यंत. कारण गोळी सुटली की रायफल मागं हिसका खाते आणि डबा जागच्या जागी राहू बघतो, म्हणजे पट्टीवर पुढं सरकू बघतो. आधीच पुढं टेकलेला असला की सरकायला जागा नाही. मग आट्यांवर निळ्या औषधाचा एक थेंब, तो वाळला की स्क्रूला धरून ठेवतो. मग हा स्क्रू थोडा, तो स्क्रू थोडा, आलटून पालटून. आणि शेवटी टॉर्क-पाना. ठरलेला जोर झाला की तो 'टक्' असा आवाज देतो. टक् झालं की थांबायचं. टक् होईपर्यंत थांबायचं नाही. एखादा जवान स्वतःच्या हातानं अंदाजे आवळताना दिसला, तर वैजू रबरी हातोडी त्याच्या पाठीत घालायची. "अंदाज घरी," म्हणायची, "भाजीत मीठ टाकताना."

टक् झाल्यावर रेघ. स्क्रूच्या डोक्यावरून खाली बैठकीवर उतरलेली, काडीएवढी बारीक, तांबडी. स्क्रू ढिला होऊन फिरला की रेघ तुटते आणि नुसत्या नजरेला कळतं. रेघेची खास शाई वरून यायची आणि कायम संपलेली असायची, म्हणून वैजूनं नेलपॉलिश आणलं. तिचा नवरा दिगंबर कालवा-दलातच जवान होता. तो सगळ्यांना सांगायचा, "लग्नात मी दिलेलं नेलपॉलिश हिनं नखांना कधी लावलं नाही. बंदुकांना लावते."

"बंदुका भांडी घासत नाहीत," वैजू म्हणायची. "त्यांच्यावर टिकतं."

दिगूची रायफल नंबर ४१७. तिला वैजूशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा तिचा स्वतःचा कायदा.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. रायफली ओळीनं मांडायच्या, आणि आमची हत्यारंही पाटावर: पाने, कानशी, हातोड्या, सगळा संसार. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, आरती होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. हा नियम सरकारी नाही, त्यामुळे तो कडक पाळला जातो.

त्या खंडेनवमीला दुपारी ४१७ वैजूच्या टेबलावर पकडीत आडवी धरलेली होती. सासूची बॅटरी बदलायला डबा काढला होता आणि त्याच खाचेत परत बसवला होता. स्क्रू हातानं आवळून झाले होते. पाना तेवढा राहिला होता, आणि पाना मी नुकताच उचलून पाटावर ठेवला होता.

"मामा, पाना द्या. दोन टक् राहिलेत."

"पाना देवाजवळ बसला पोरी."

"दोन मिनिटं फक्त."

"अगं, झेंडू वाहिलाय त्याच्यावर. वर्षातून एक दिवस सुट्टी मिळते बिचाऱ्याला, तीही तू खा."

ती हसली. घरी तिचे घट बसलेले होते, माळ चढवायची होती, तिला निघायची घाई. "मग सकाळी येऊन मी आवळते," ती म्हणाली. "तोवर कुणी नेऊ नका. कसं?"

"मी बघतो," मी म्हणालो.

हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा. एवढी मोठी थाप मी दुसरी मारली नाही.

मग कुंकू. पाण्यात कालवलेलं कुंकू लोखंडावर टिकत नाही, म्हणून मी ते एरंडेलात कालवतो. एरवी बोटाचा एकेक ठसा देऊन मोकळा होतो. त्या वर्षी मला लहर आली. पोरं भोवती जमली होती; मी म्हटलं, "सासूबाई सवाष्ण आहेत, त्यांना ठसा कसला देता? बारीक चिरी काढली पाहिजे." आगपेटीची काडी घेतली आणि एकेकीच्या कपाळावर, म्हणजे डब्यावर, चिरी ओढत सुटलो. पोरं खिदळत होती. कुणी म्हणालं, "मामा, माझ्या खऱ्या सासूलाही एक काढा." असं करत मी ४१७ पाशी आलो. ती पकडीत आडवी होती, डब्याची बाजू वर आलेली, स्क्रू माझ्याकडे तोंड करून. माझी काडी स्क्रूच्या डोक्यावर टेकली आणि तिथून सरळ खाली बैठकीवर उतरली. दुसऱ्याही स्क्रूवर तसंच. हाताला वर्षानुवर्षांची तीच सवय. हातानं रेघ मारली आणि मला वाटलं, मी कुंकू लावलं.

दसऱ्याच्या सकाळी आरतीच्या आधीच भोंगा झाला. नऊ नंबरच्या गेटवर हत्यारबंद लोक आले होते. मी मागच्या पडवीत नारळ सोलत होतो. वैजू तेवढ्यात आली होती आणि थेट दारावर उभी राहिली, कारण रायफल बाहेर पडताना रेघ बघायचं काम तिचं. एकेक जवान पळत येणार, रायफल आडवी धरणार, ती नजर टाकणार, "जा" म्हणणार. दिगूनं पकड उघडून ४१७ स्वतःच घेतली होती.

"मामांनी आवळली का?" तिनं विचारलं.

"रेघ आहे की," दिगू म्हणाला.

रेघ होती. तांबडी, बारीक, सलग. वैजू म्हणाली, "जा."

मी नारळ घेऊन आत आलो तेव्हा पकड रिकामी होती. मला वाटलं, वैजूनं लवकर येऊन आवळली. पाटावर पाना तसाच होता, कालचा झेंडू अंगावर घेऊन. मी तो पाहिला. पाहिला, आणि आरती सुरू केली.

नऊ नंबरला काय झालं ते दिगूनंच मला पुढं शंभरदा सांगितलं. अकरा किलोमीटर कच्चा रस्ता, गाडीच्या पत्र्याला रायफल टेकलेली, सारखी हादरत होती. गेटजवळ भरावावर एक पोरगा कट्टा घेऊन उभा. त्याच्या डाव्या हाताला, दोन पावलांवर, मुळेबाई. टाकळीच्या शाळेतल्या जुन्या बाई. दिगूला त्यांनीच बाराखडी शिकवली, आणि त्या पोरालाही. बाई दरवर्षी दसऱ्याला गेटवरच्या जवानांना सोनं द्यायला येत, तशा आल्या होत्या. पिशवीत आपट्याची पानं होती. पोराला बघून त्या मध्ये पडल्या आणि त्याला म्हणत होत्या, "ते खाली ठेव बघू आधी. खाली ठेव."

"मामा, फुली पोराच्या छातीवर होती," दिगू सांगायचा. "त्यानं कट्टा हवालदारावर धरला. सासू हो म्हणाली. मी चाप ओढला. आणि बाई बसल्या. पडल्या नाहीत हो, बसल्या. वर्गात हजेरी झाली की खुर्चीत बसायच्या ना, तशा."

पोरगा पळाला. सासूच्या नोंदीत चित्र स्वच्छ होतं: फुली सशस्त्र माणसावर, संमती हो, गोळी एक. जागेवर मृतदेह एक. कारकुनानं दोन्ही एका ओळीत लिहिलं आणि बाई सशस्त्र झाल्या. पंचनाम्यात 'पिशवीत संशयास्पद पाला' असं आलं. कालवाचोराच्या गावाचं पाणी तोडायचं हाही कायदाच, त्यामुळे टाकळीची दोन आवर्तनं, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या दोन पाळ्या, बंद झाल्या. ज्या बाईंनी निम्म्या तालुक्याला वाचायला शिकवलं, त्यांचं नाव आता दलाच्या फळ्यावर चोरांच्या यादीत, आणि ते वाचता येणारे सगळे त्यांचेच विद्यार्थी.

४१७ त्याच दुपारी परत आली. मी एकट्यानं ती पकडीत धरली. स्क्रूवरची रेघ तुटलेली होती. वरचा तुकडा खालच्यापासून तीळभर सरकलेला. मी स्क्रूला दोन बोटं लावली. तो फिरला. औषध कसलं वाळतंय, हातानं आवळलेल्या स्क्रूला अकरा किलोमीटरच्या हिसक्यांनी सैल केलं होतं.

वैजू मागं कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.

"तुम्ही आवळली होती ना, मामा?"

"मला वाटलं, तू."

तिनं रेघेवर बोट घासलं. बोट तांबडं झालं. वाळलेलं नेलपॉलिश बोटाला लागत नाही. तिनं बोट नाकाशी नेलं आणि मग माझ्याकडे बघितलं. एरंडेलाचा वास लपत नाही.

"ही तुमची चिरी," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"आणि मी जा म्हटलं."

खिडकीकडे वळून ती म्हणाली, "साहेबांना सांगू या. बाईंचं नाव तरी पुसलं जाईल. टाकळीला पाणी येईल."

मला तुरुंगाची भीती वाटत होती, आणि मी ती तिच्या नावावर घातली. म्हातारी माणसं अशी तरबेज असतात. मी म्हणालो, "सांगू. तू जाशील आत, मीही जाईन. पण दिगूला कोण सांगणार? त्याला वाटतंय ते एक दुर्दैव होतं. ती ढिल्या स्क्रूची बंदूक त्याच्या हातात त्याच्या बायकोनं दिली, हे त्याला कोण सांगणार पोरी?"

ती स्टुलावर बसली. मी स्पिरिटचा बोळा घेतला आणि कुंकू पुसलं. डबा पुढं रेटला. औषधाचा थेंब टाकला. आता पाना मोकळा होता, टक्, टक्. मग मी रेघेसाठी हात पुढं केला. वैजूनं माझ्याकडे न बघता खणातून कुपी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

नेलपॉलिश तिनंच दिलं.

चौथ्या दिवशी उपअधीक्षक हिरेमठसाहेबांनी बोलावलं. टाकळीचे लोक मोर्चा घेऊन आले होते, चौकशी लावणं भाग होतं. साहेबांनी मला खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच मी ओळखलं, की यांना सगळा वास आलाय.

"पांचाळ, आजमितीला कालव्यावर अकराशे रायफली आहेत," ते म्हणाले. "आजवर सासूनं एकोणचाळीस वेळा हो म्हटलंय. एका स्क्रूवर शंका आली, की एकोणचाळीस घरं या दारात उभी राहतील. कळतंय?"

"कळतंय साहेब."

"तुम्ही गोष्टी फार छान सांगता म्हणे."

"पोरं काहीही सांगतात साहेब."

"एक लिहून द्या. बसवणुकीचा अहवाल." त्यांनी कोरे कागद सरकवले आणि थोडे हसले. "फक्त त्यात मासा नको."

मी चार पानं लिहिली. आयुष्यातली सगळी कला त्यात ओतली. पट्टी किती वाजता पुसली, स्पिरिट किती लागलं, खाच कितवी, औषध किती तास वाळलं, पाना कधी तपासून आणला होता, टक् किती ऐकले, रेघेची जाडी किती. एकही विशेषण वापरलं नाही. खोटं असं लिहावं, की वाचणाऱ्याला जांभई यावी. तो अहवाल आता नव्या फिटरना नमुना म्हणून देतात. माझी एकच थाप लोकांनी हसल्याशिवाय ऐकली, ती ही.

साहेबांना हवं ते त्यातून निघालं: बसवणूक निर्दोष, म्हणून संमती खरी, म्हणून बाई सशस्त्र. दिगूनं तोच अहवाल वाचून दुसरं काढलं. बाईंच्या हातात पानं होती, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. फुली पोरावर होती, हेही. सासू वाकडी नव्हती, हे मी चार पानांत सिद्ध केलं होतं. मग उरलं काय? त्याचा हात.

"ऐन वेळी माझा हात हलला," तो म्हणायला लागला.

आधी तो हे मला सांगायचा, मग हवालदाराला, मग कुणालाही. जेवताना भाकरीचा घास धरून थांबायचा आणि हाताकडे बघत राहायचा. चहाचा कप अर्ध्यात धरून मोजायचा, किती वेळ पृष्ठभाग हलत नाही. वैजू समोर बसलेली असायची. एकदा मी त्यांच्या घरी गेलो होतो, तेव्हा तो तिला म्हणाला, "तुझ्या कामात खोट नव्हती गं. तू नको मनाला लावून घेऊस. चूक माझ्या हाताची आहे." तिनं उठून चुलीवरचं दूध बघितलं. दूध उतू जायला अजून पुष्कळ वेळ होता.

त्याला दलात बिनहत्यारी काम दिलं, गेटाची चाकं फिरवायचं. मग एक दिवस त्यानं वैजूची कुपी घेऊन स्वतःच्या मनगटावर रेघ मारली. मनगटाच्या हाडावरून तळव्यावर उतरणारी. म्हणाला, "हलला की तुटेल. कळेल तरी कधी हलतो ते." हात म्हटला की तो हलणारच, रोज ती रेघ तुटायची, रोज तो नवी मारायचा. जवान आधी हसले, मग हसायचे थांबले.

वर्ष फिरून खंडेनवमी आली. मी कुंकू पाण्यात कालवलं होतं. दुपारी दिगू आत आला, रांगेतल्या दोन रायफलींच्या मध्ये स्टूल ओढून बसला आणि उजवा हात कोपरापासून टेबलावर आडवा ठेवला, तळवा वर करून. मनगटावर जुन्या रेघांचे तांबडे तुकडे.

"मामा, यालाही."

"यालाही काय?"

"यालाही चिरी काढा. हे पण हत्यारच आहे. याचीच काय ती पूजा राहिलीय."

मी पोरांना बाहेर पिटाळलं. आत आम्ही तिघंच उरलो. वैजू खिडकीजवळ, पूजेला द्यायचा पाना फडक्यानं पुसत होती. आणि मला ते सहन झालं नाही. मी दिगूसमोर बसलो आणि सगळं सांगितलं. पाना देवाजवळ बसवला तो मी. 'मी बघतो' म्हणालो तो मी. चिरी स्क्रूवर ओढली ती मी. रेघ तुटली होती, स्क्रू दोन बोटांनी फिरला, मी पुसून टाकलं, अहवाल खोटा. वैजूचं नाव मी घेतलं नाही. "तुझा हात हलला नाही दिगू," मी म्हणालो. "बाई माझ्या कुंकवानं गेल्या."

दिगू वर्षभरात पहिल्यांदा हसला. मोठ्यानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"मामा, तुम्ही म्हणजे ना..." त्यानं डाव्या हातानं डोळे पुसले. "माझ्यासाठी एवढी मोठी रचलीत? यात मासा कुठाय?"

"अरे, शपथ घेऊन सांगतोय."

"अहवाल मला पाठ आहे मामा. पान तीन. 'दोन्ही स्क्रू ठरलेल्या जोरास आवळले असून प्रत्येकी एक टक् स्पष्ट ऐकू आला.' हे तुम्ही लिहिलंत. सही तुमची. सरकारी कागदावर खोटं लिहायला तुम्ही काय वेडे आहात? माझं मन राखायला खोटं सांगाल, ते मात्र मला पटतं. चांगले आहात तुम्ही."



दिगू खिडकीकडे वळला. हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण त्याच्या मागं काहीतरी जागं झालं होतं, ते मला दिसलं. "वैजू," तो म्हणाला, "मामा म्हणतायत ते खरं का गं? तू तर दारावर होतीस. रेघ तू बघितलीस."

फडकं थांबलं. मी तिच्याकडे बघत होतो, ती पान्याकडे. एका शब्दाचं काम होतं. हो म्हटलं, की नवऱ्याचा हात त्याला परत मिळणार होता, बाईंचं नाव फळ्यावरून उतरणार होतं. आणि कुंकवाची रेघ बघून तू 'जा' कशी म्हणालीस, ते दिगू पुढच्याच क्षणी विचारणार होता. हे मीच तिला शिकवलं होतं, त्याच खिडकीत.

"मामांचं काय ऐकत बसता," वैजू म्हणाली. "त्यांचा धंदाच आहे तो."

तिनं पाना पाटावर ठेवला. खणातून कुपी काढली आणि त्याच्याजवळ आली. "हात सरळ ठेवा," म्हणाली.

दिगूनं हात ठेवला. एकोणतीस वर्षं मी पकडीत धरलेलं लोखंड बघत आलो, पण इतकं स्थिर काही पाहिलेलं नाही. शीर उडत होती, तेवढीच. वैजू वाकली. बारीक कुंचला तिनं मनगटाच्या हाडावर टेकवला आणि खाली ओढला. माझं लक्ष तिच्या दुसऱ्या हातातल्या कुपीकडे होतं. कुपी तिच्या बांगड्यांवर किणकिण वाजत होती.

तिच्या हातून आजवर एकही रेघ वाकडी आली नव्हती. ही आली. मध्येच लचकली, एका बाजूला झुकली, आणि तळव्यावर थेंब होऊन थांबली.

दिगूनं हात वर उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ ती रेघ निरखली.

"बघा मामा," तो म्हणाला. "हलतोच."